मोज्यांची आतली बाजू

चिंगी दुपारपासून रडत होती, आणि का रडतेय याचं घरातल्या प्रत्येकाकडे आपापलं उत्तर तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, दात येताहेत. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता; तो फोनवरूनच म्हणाला, "गॅस असेल गं, पोटावरून हात फिरव." चिंगीच्या आईचं स्वतःचं सगळं पाहून झालं होतं. ताप नव्हता, कानाला हात लावला तर पोर दचकत नव्हती, लंगोट कोरडा होता, गळ्याच्या वळ्यांतसुद्धा काही नव्हतं. बाळ होण्याआधी ती एका औषधांच्या कंपनीत बाटल्यांवरची लेबलं तपासायची. एक टिंब चुकलं तरी अख्खा गठ्ठा परत पाठवणारी म्हणून तिथे तिचा दरारा होता. लेकीलाही तिने तसंच डोक्यापासून तपासत आणलं, फक्त पावलं तेवढी राहिली. पावलांत मोजे होते, ते तिने स्वतः विणलेले होते, आणि त्यांच्याकडे संशयाने बघायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

अंग पुसून काढू या, जरा गार वाटेल, असं म्हणत सासूबाईंनीच मोजे ओढून काढले आणि त्यांचा हात थांबला.

"अगं, हे बोट बघ."

डाव्या पावलाचं मधलं बोट टम्म फुगून जांभळं झालं होतं, आणि त्याच्या बुडाशी एक बारीक, खोल करकोचा होता. दोरीने करकचून बांधल्यासारखा. दोरी मात्र दिसत नव्हती.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भिंग लावलं, बारीक आकडा घेतला, आणि सासूबाईंनी नातीचा पाय घट्ट धरून ठेवला. ती मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अखेर आकड्याच्या टोकाला काहीतरी आलं. इतकं बारीक, की डॉक्टरांनी ते काळ्या कागदावर ठेवून दाखवलं.

"धागा आहे किंवा केस. ओला आणि रक्ताने माखलेला आहे, नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. बाळंतपणानंतर आयांचे केस गळतात, ते बाळांच्या बोटांना गुंडाळले जातात. बोट वाचलंय. पण आणखी उशीर केला असतात ना..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि मलम लिहून द्यायला घेतलं.

आयांचे केस. घरी येईपर्यंत ते दोन शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिले. तिचे केस गळत होतेच, उशीवर, कंगव्यात, चहाच्या कपातसुद्धा. सासूबाई वाटेत काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नसल्या की जास्तच ऐकू यायचं.

घरी आल्यावर तिने तो मोजा उचलला आणि उलटा केला.

बाहेरून तो मोजा म्हणजे सायीचा गोळा होता, पांढरा आणि मऊ, फुंकर मारली तरी हलेल असा. आत मात्र सगळीकडे तंतू सुटले होते. बारीक बारीक फासे, एकमेकांत अडकलेले, बोटांच्या जागी तर अक्षरशः जाळं. तिने त्यातला एक तंतू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला. तो तुटेना. पुन्हा ओढला, तेव्हा तिच्या बोटावर पांढरी रेघ उमटली, पण तंतू तसाच राहिला.

चिंगी आता सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती, तिचं झालं ते निभावलं होतं. पण हे मोजे कसे विणायचे ते तिने काही हजार बायकांना शिकवलं होतं. गेल्या आठवड्यात, हसत हसत, कॅमेऱ्यासमोर.

त्या ग्रुपचं नाव होतं 'सुटे धागे'. क्रोशाचं विणकाम करणाऱ्या बायकांचा फोनवरचा ग्रुप. तो सुरू केला होता एका निवृत्त मुख्याध्यापिकेने. सगळ्या त्यांना नुसतंच 'बाई' म्हणायच्या. बाईंचा नियम एकच होता. विणलेल्या वस्तूचा फोटो टाकायचा तर दोन टाकायचे, एक बाहेरून आणि एक आतून. कुणी नवी बाई हौसेने नुसता पुढचा फोटो टाकायची आणि खाली लगेच ठरलेली कमेंट यायची: आतून दाखव. मग ती बिचारी ओशाळून उलटी बाजू दाखवायची. तिथल्या गाठी, लोंबणारी टोकं, चुकलेले टाके सगळं बाहेर यायचं, आणि खरं शिकणं तिथून सुरू व्हायचं. "बाहेरून काय, सगळ्याच छान दिसतात," असं बाई म्हणायच्या. तान्ह्या बाळांच्या वस्तूंबाबत तर त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. हळूहळू 'आतून दाखव' ही ग्रुपातली थट्टाच होऊन बसली. कुणी नवी साडी दाखवली, कुणी नवीन घराचा फोटो टाकला, कुणाचं लग्न ठरलं, की खाली कुणीतरी हमखास लिहायचं: छान आहे, आतून दाखव.

बाळंतपणाच्या रजेत ती या ग्रुपात आली आणि रमली. नोकरी पुढे सुटलीच. दिवसभर बोलायला सासूबाई आणि चिंगी. एकीला तिचं म्हणणं पटायचं नाही, दुसरीला कळायचं नाही. ग्रुपात मात्र तिला 'लेबलवाली' म्हणून मान होता, कारण ती प्रत्येक लोकरीच्या गुंड्यावरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सांगायची. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी ग्रुपच्या चाव्या, म्हणजे पोस्ट लावण्या-काढण्याचे हक्क, तिच्या हाती दिल्या. "सांभाळ, पोरी. फार काही करू नकोस. नुसतं बघत राहा."

आणि बरोबर त्याच सुमारास लोकरीची कंपनी आली.

कंपनीकडून बोलायची ती एक गोड गळ्याची मॅडम. ती सगळ्यांना 'डियर' म्हणायची आणि लगोलग 'तुम्ही'ही म्हणायची. "डियर, तुमचा ग्रुप म्हणजे खरं कुटुंब आहे. आम्हाला जाहिरात नकोय, आम्हाला तुमच्याशी नातं जोडायचंय." कंपनीने नवी लोकर काढली होती, तिचं नाव 'ढग'. एक मोठा खोका दारात येऊन पडला. सासूबाईंनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "लग्न कुणाचं ठरलंय?" पण लोकर हातात घेतल्यावर त्यांनीही ती गालाला लावून पाहिली.

मग स्पर्धा ठरली. ढगाचे मोजे विणायचे, बाळाला घालायचे आणि फोटो टाकायचा. कसे विणायचे ते लेबलवाली शिकवणार. मॅडमच्या दोनच विनंत्या होत्या. पहिली म्हणजे, फोटोंची ये-जा सांभाळायला स्पर्धेपुरत्या ग्रुपच्या चाव्या कंपनीकडे द्यायच्या. नवी पोस्ट कंपनीने पाहिल्यावरच लागेल. दुसरी, आतल्या बाजूचे फोटो नकोत. "ते जरा पसारा वाटतात हो, डियर. तेवढ्यापुरतं शिथिल करू या ना."

तिने दोन्हींना होकार दिला. दुसरीच्या वेळी ती क्षणभर अडखळली होती, हे खरं. पण कंपनीने तिचं शिकवणं स्वतःच्या पानावर लावलं, त्याला लाइकच्या बदामांचा पाऊस पडला, आणि कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिला 'चिंगीची आई' याखेरीज आणखी काहीतरी समजत होतं. ती हुरळून गेली. आणि आतला फोटो काढायचाच नव्हता, म्हणून तिने स्वतः विणलेला मोजाही उलटा करून पाहिला नाही. सरळ लेकीच्या पायात घातला.

आता तिने घाईघाईने लिहिलं: सगळ्यांनी बाळांच्या पायातले ढगाचे मोजे ताबडतोब काढा, आत तंतू सुटताहेत, माझ्या मुलीचं बोट थोडक्यात वाचलं. पाठवलं. पडद्यावर उत्तर आलं: तुमची पोस्ट मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.

तिने मॅडमला फोन लावला.

"अगं बाई, डियर, बाळ कसं आहे? बरंय ना? थँक गॉड. नाही, मी पोस्ट पाहिली. पण असं बघा, डॉक्टर काय म्हणाले नक्की?"

"धागा किंवा केस, असं म्हणाले. पण मी मोजा उलटा करून पाहिलाय."

"म्हणजे केसही असू शकतो."

"असू शकतो. पण तोपर्यंत मोजे काढायला काय हरकत आहे? नुसते काढायचेच तर आहेत."

"डियर, मी पण तेच म्हणतेय, घाबरायचं काय कारण? आमची तपासणीची टीम सोमवारी बसते. त्यांच्याकडून आलं की आपण छानसं शब्दांकन करून टाकू. आत्ता उगाच हजारो आयांना घाबरवायचं का? तुम्ही स्वतःच आई आहात."

"म्हणूनच तर सांगतेय."

"सोमवारी बोलू. बाळाला माझ्याकडून पापा."

तिने पोस्टचा नाद सोडला आणि स्पर्धेतल्या एका फोटोखाली कमेंट म्हणून तेच लिहिलं. कमेंट लागली, आणि तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. दुसऱ्या फोटोखाली लिहिली; तीही गेली. म्हणजे तिकडे कुणीतरी राखण करत बसलं होतं. मग ती एकेकीला खासगी निरोप धाडू लागली. काही गेले, आणि मग फोनने बजावलं की आपण एकच मजकूर फार जणांना पाठवत आहात, काही वेळाने प्रयत्न करा.

"काय चाललंय तुझं?" सासूबाईंनी विचारलं. "पोर आत्ता दवाखान्यातून आलीये आणि तू फोनमध्ये."

"आई, अजून कितीतरी बाळांच्या पायांत हे मोजे आहेत. मला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाहीये."

"हजारो मैत्रिणी आहेत म्हणत होतीस ना? मग मार की हाक."

"हाकच अडवून ठेवलीये."

सासूबाईंना यातलं नेमकं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी चिंगीला मांडीवरून खांद्यावर घेतलं.

ती फोटो एकामागून एक सरकवत राहिली. गुबगुबीत पावलं, पांढरे ढग. एका फोटोवर मात्र तिचा अंगठा थांबला. तो कंपनीने 'आठवड्याचं हसू' म्हणून सगळ्यात वर लावला होता. जुळ्यांच्या आईचा. चार पावलं, चार मोजे, आणि खाली त्या बाईने लिहिलं होतं: धाकटा सकाळपासून नुसता रडतोय, काही केल्या थांबत नाही, पण मोजे घातलेत म्हणून फोटो काढलाच.

त्याच्या खाली लेबलवालीने स्वतःच बदाम टाकला होता. सकाळी, चिंगीला पाजता पाजता.

जुळ्यांच्या आईला फोन लावावा, तर नंबर नव्हता. निरोप धाडायची मर्यादा संपली होती. तिने फोन खाली ठेवला, दोन्ही तळव्यांनी डोळे दाबले, आणि पुन्हा उचलला. लोकर, ढग, धागा, बोट यांतला एकही शब्द न वापरता सांगायला हवं होतं. कंपनीच्या माणसाला त्यात वावगं दिसू नये, आणि ग्रुपातल्या बाईला मात्र हातातलं काम टाकावंसं वाटावं.

तिने जुळ्यांच्या फोटोखाली लिहिलं: आतून दाखव.

ते शब्द टिकले. इतकंच नाही, तर थोड्या वेळाने कंपनीने त्यावर बदाम उमटवला.

मग ती थांबलीच नाही. प्रत्येक फोटोखाली तेच लिहीत गेली. आतून दाखव. आतून दाखव. पहिलं उत्तर एका केकवालीचं आलं; ती ग्रुपातली जुनी, फटकळ बाई होती. "काय गं लेबलवाले, आठवली का जुनी शिस्त? स्पर्धेत माफ होतं ना?" तिने फक्त लिहिलं, "माफ नाही. आत्ता दाखव. बाळाच्या पायातला काढून दाखव."

मग कमेंटमध्येच केकवालीचा फोटो आला. आत तेच जाळं. खाली तिने एकच शब्द लिहिला होता: बापरे.

त्यानंतर बांध फुटावा तसं झालं. जुन्या बायका नव्यांच्या फोटोंखाली लिहू लागल्या, नव्या विचारू लागल्या की ही काय भानगड, आणि कुणीतरी त्यांना सांगू लागलं, विचारत बसू नकोस, मोजा काढ आणि उलटा कर. फोटोंवर फोटो येत राहिले. उलटे मोजे, सुटलेले फासे, आणि शेजारी मोकळी, उघडी पावलं. कुणी विचारलं, "माझ्या भाचीच्या बोटावर लाल रेघ दिसतेय, काय करू?" आणि तिघीजणी एकदम सांगत होत्या, दवाखान्यात ने, आत्ता.

मध्येच मॅडमचा निरोप आला. "डियर, तुम्ही तर कमाल केलीत. ग्रुप इतका बोलता कधीच झाला नव्हता. 'आतून दाखव' आम्ही मोहिमेचं घोषवाक्य म्हणून वापरू का?" तिने तो वाचला आणि बाजूला सारला. कमेंटांच्या त्या पुरात फोटो कशाचे येताहेत हे तिकडे कुणी अजून उघडून पाहिलेलंच नव्हतं.

जुळ्यांची आई मात्र गप्प होती. तिच्या फोटोखाली 'आतून दाखव'ची रांग लागली होती आणि तिचं नाव कुठेच उमटत नव्हतं.

"कुणाला ही बाई प्रत्यक्ष माहीत आहे का?" तिने विचारलं. "कुठे राहते, काहीही."

उत्तर पुन्हा केकवालीचंच आलं. "मी तिला वाढदिवसाचा केक दिला होता. पत्ता सापडतोय. माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. ओव्हनमध्ये काम आहे, पण जळू दे. निघाले."

तिने ते सासूबाईंना वाचून दाखवलं आणि फोन मांडीवर ठेवला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून पंख्याच्या बटणांपर्यंत पोचलं होतं. सासूबाई चिंगीचं उघडं पाऊल तळहातावर घेऊन बसल्या होत्या, आणि ते बोट पुन्हा पुन्हा बघत होत्या, जसं काही नजर हटली तर ते परत जांभळं होईल.

"ती केक करणारी," सासूबाई अचानक म्हणाल्या, "तिला तू भेटलीयेस कधी?"

"नाही."

"आणि ती तुझ्या सांगण्यावरून चूल टाकून धावत सुटली?"

"माझ्या नाही. बाळासाठी."

सासूबाईंनी मान डोलावली. हो म्हणत होत्या की नुसतीच, ते कळलं नाही.

बराच वेळ गेला. मग केकवालीचा फोन आला, मागे गाडीचे हॉर्न, आणि एक बाळ रडत होतं.

"दार ठोठावून ठोठावून हात दुखले. फोन चार्जिंगला लावून ती बिचारी दोघांना घेऊन आतल्या खोलीत. थोरल्याचं काही नाही. धाकट्याच्या दोन बोटांना आहे. गुंडाळी दिसत होती, पण मी हात लावला नाही. आम्ही दवाखान्याच्या वाटेवर आहोत."

"बोटं कशी आहेत?"

केकवाली जरा थांबली. ती कधी थांबायची नाही, एवढं ग्रुपातल्या कुणालाही माहीत होतं.

"एक बरं दिसतंय," ती म्हणाली. "दुसरं मला नाही सांगता येत. ही विचारतेय, तुला बोलायचंय का तिच्याशी? थांब, देते."

फोनची ओढाताण झाली आणि एक बारीक, दमलेला आवाज आला. "तू शिकवलंस तसेच विणले गं मी. एक टाका इकडचा तिकडे केला नाही."

"माहितेय," ती म्हणाली.

"सकाळी मी लिहिलं होतं, रडतोय म्हणून. तू बदाम टाकलास."

तिला काहीतरी बोलायचं होतं. केसाचं सांगावं, डॉक्टरांचं, मॅडमचं, मंजुरीचं. सगळं खरंच होतं, आणि त्यातलं एकही या आवाजासमोर उभं राहत नव्हतं. "हो," ती म्हणाली. "टाकला." पलीकडे कुणीतरी हाक मारली, गाडीचं दार लागलं आणि फोन बंद झाला.

ग्रुप अजून वाजत होता. तिने यांत्रिकपणे उघडला. कंपनीला आता जाग आली असावी, कारण फोटो एकेक करून नाहीसे होऊ लागले होते. पण बायकाही हट्टाला पेटल्या होत्या. एक गेला की दोन लावत होत्या. सरकवता सरकवता ती स्वतःच्या शिकवणीच्या व्हिडिओपाशी येऊन पोचली. त्यात ती हसत होती. मोजा कॅमेऱ्यासमोर नाचवत होती, बाहेरून. इतरांना मघापासून सांगत सुटली होती, पण या व्हिडिओखाली तिने काहीच लिहिलं नव्हतं. आणि तिथे एकच नवी कमेंट होती, बाईंची. डोळ्यावर पट्टी असताना कुणाकडून तरी लिहून घेतली असणार, किंवा एका डोळ्याने चाचपडत स्वतःच लिहिली असणार.

पोरी, आतून दाखव.

तिने तो मोजा उचलला. सासूबाईंनी न सांगता सरकून खिडकी मोकळी केली. तिने उलटा मोजा उजेडात धरला. बोटाच्या जागेवर रक्ताचा बारीक डाग होता, आणि डागातून निघालेला एक तंतू, तुटलेला, पांढरा. केस नव्हता. निदान हा तरी नव्हता.

तिने फोटो काढला. खाली लिहिलं, "माझा आहे. चिंगीच्या पायातला. घालण्याआधी मी उलटा करून पाहिला नव्हता."

पाठवला, आणि फोन हातातच धरून बसली. तो फोटो टिकतोय की जातोय ते बघत, आणि दवाखान्यातून केकवालीचा फोन येण्याची वाट बघत.